एका वेळी एकच पाहुणा

चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक, त्याला जोडलेला मोडेम, मोडेममधून भिंतीकडे गेलेली टेलिफोनची तार आणि हे सगळं दिवसरात्र चालू. फोन येतो. संगणक तो स्वतःच उचलतो, करणाऱ्याला नाव आणि पासवर्ड विचारतो आणि आत घेतो. आलेला माणूस आधीच्यांनी लिहून ठेवलेलं वाचतो, दोन ओळी आपल्या लिहितो, जमलं तर एखादा छोटा प्रोग्राम उतरवून घेतो आणि फोन ठेवतो. लाइन मोकळी झाली की पुढच्याचा नंबर. डायल-अप बुलेटिन बोर्ड म्हणतात तो एवढाच. तो चालवणारा तो सिसॉप. हे पुस्तक सिसॉप होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांच्याकडे कमोडोर ६४ सारखं यंत्र धडधाकट आहे आणि ते काचेच्या कपाटात मिरवण्यापेक्षा त्याला कामाला लावावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी.

आज हे कशाला, असं कुणीही विचारेल. लोक परस्पर उत्तरही देऊन टाकतात : जुन्या आठवणी, दुसरं काय! मला ते उत्तर पटत नाही. आठवणींसाठी वर्षातून एकदा यंत्र सुरू केलं तरी पुरतं. त्यासाठी कुणी महिनोन्‌महिने लाइनचं बिल भरत नाही आणि डिस्क ड्राइव्हचं डोकं सरकलं म्हणून रात्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसत नाही. खरं कारण बोर्डच्या आकारात आहे. बोर्ड एका माणसाच्या आवाक्यातला असतो. प्रोग्राम बहुतेक वेळा बेसिकमध्ये लिहिलेला, म्हणजे बसून वाचता येणारा आणि नको ते बदलता येणारा. सगळा मजकूर हातात धरता येतील एवढ्या डिस्कांवर. तार आपल्या घरातली. आणि येणारी माणसं इतकी, की त्यांची नावं तोंडपाठ असतात. अख्खं यंत्र, अख्खी वस्ती आणि तिचे सगळे नियम एकाच्या डोक्यात मावतात, अशी दुसरी जागा आजच्या संगणकांच्या जगात मला तरी माहीत नाही.

सुरुवात शिकागोची. १९७८ च्या जानेवारीत तिथे प्रचंड हिमवादळ झालं, शहर ठप्प झालं. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे दोघे तिथल्या हौशी संगणकवाल्यांच्या क्लबातले. क्लबच्या बैठकीत एक बुचाचा फलक असे. कुणाला काही विकायचं असलं, कुणाला बैठकीला यायला गाडीत जागा हवी असली, की चिठ्ठी टाचणीने तिथे लागायची. तोच फलक टेलिफोनवरून वाचता आला तर, एवढीच मूळ कल्पना, आणि बर्फाने घरात अडकल्यावर तिला वेळ मिळाला. क्रिस्टेन्सननी प्रोग्राम लिहिला, स्यूसनी यंत्र जुळवलं, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ‘सीबीबीएस’ सुरू झाला. फोनची घंटा वाजली की यंत्र नव्याने सुरू व्हायचं आणि फ्लॉपीवरून प्रोग्राम चढवायचं. क्रिस्टेन्सननी आदल्याच वर्षी मोडेमवरून फाइल पाठवण्याची एक पद्धत लिहिली होती. १२८-१२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची बेरीज तपासायची, चुकला तर पुन्हा मागायचा. एक्समोडेम या नावाने ती पुढे जगभर वापरली गेली आणि आजही बोर्डांवर चालते. दोघांनी नोव्हेंबर १९७८ च्या ‘बाइट’ मासिकात आपल्या बोर्डची सगळी हकिगत छापली. गुपित काही ठेवलं नाही. मग गावोगाव बोर्ड निघाले यात नवल नाही.

पण कल्पना आणि मासिकातला लेख यांवर एवढा पसारा उभा राहत नसतो. अमेरिका आणि कॅनडात घरगुती टेलिफोनच्या मासिक बिलात स्थानिक फोन बहुतेक ठिकाणी फुकट असत. कितीही वेळ बोला. पंधरा वर्षांच्या पोराने दोन तास लाइन अडवली तर आई ओरडेल, पण बिल वाढणार नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. टेलिफोन कंपनीच्या तारेला बाहेरचं यंत्र जोडायचं नाही, हा जुना दंडक १९६८ च्या कार्टरफोन निकालाने मोडला. तिसरी, १९८१ साली आलेला हेज कंपनीचा स्मार्टमोडेम. त्याला संगणकाकडूनच आज्ञा देता येत : नंबर फिरव, फोन उचल, ठेव. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या त्या आज्ञा इतक्या रुळल्या की पुढच्या जवळजवळ प्रत्येक मोडेमने त्याच पाळल्या. ‘एस-झिरो’ या खणात एक हा आकडा टाकला की पहिल्याच घंटेला मोडेम फोन उचलतो. सिसॉपच्या संसाराची सुरुवात या एका आकड्यापासून होते. स्थानिक फोन फुकट असण्याचा दुसरा परिणाम असा, की बोर्ड पंचक्रोशीतला राहिला. परगावचा फोन महाग, म्हणून येणारे सगळे आसपासचे, आणि पडद्यावर भांडलेली माणसं महिन्याच्या क्लब-बैठकीत समोरासमोर भेटायची. भाषा आपोआप जपून वापरली जायची.

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. किंमत ५९५ डॉलर, आणि ती भराभर उतरत गेली. एक कोटीहून जास्त यंत्रं खपली. त्याच वर्षी कंपनीने शंभर डॉलरच्या आसपास एक मोडेम काढला. त्याची तऱ्हा मजेशीर होती. नंबर आपणच टेलिफोनवर फिरवायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हरची वायर उपसून मोडेममध्ये खोचायची. वेग ३०० बिट, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. कमोडोरच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी मावतात, तेव्हा पूर्ण पडदा भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त. आज ऐकून हसू येईल. पण सेकंदाला तीस अक्षरं हा साधारण आपल्या वाचण्याचाच वेग आहे. मजकूर येत जातो तसा वाचला जातो, आणि वाचणाऱ्याला वाट पाहावी लागत असल्यामुळे लिहिणाराही फापटपसारा करत नाही. पंचाईत फाइलींची. या यंत्राच्या १५४१ ड्राइव्हच्या डिस्कवर एका बाजूला १७० केबी मावतात. तेवढं ३०० च्या वेगाने उतरवायला दीड तासापेक्षा जास्त, तेही मध्ये कुणी घरातला दुसरा फोन उचलला नाही तर. पुढे १२०० आणि २४०० चे मोडेम आले तेव्हा लोकांना आकाश ठेंगणं झालं ते उगीच नाही.

कमोडोरच्या बोर्डवर फोन लावला की शिट्ट्या थांबल्यावर पहिली ओळ बहुधा नाव विचारणारी नसते. ‘डिलीटची कळ दाबा’ असं ती सांगते. नवख्याला वाटतं, काहीतरी पुसायचं आहे. तसं काही नसतं. कमोडोरची अक्षरसंहिता, पेट्‌स्की, बाकीच्या जगाच्या आस्कीपेक्षा वेगळी आहे. तिच्यात लहान-मोठ्या लिपीची अदलाबदल आहे. भाषांतर न करता मजकूर पाठवला तर मोठ्या लिपीच्या जागी लहान आणि लहानच्या जागी मोठी अक्षरं उमटतात. शिवाय तिच्यात रंग बदलण्याचे, कर्सर हलवण्याचे संकेत आहेत, बदाम-इस्पिकापासून आडव्या-उभ्या रेघांपर्यंत चित्राक्षरं आहेत. त्यांतून लोकांनी बोर्डांच्या दारावर काय काय चितारलं आहे! तर आलेला माणूस कोणत्या यंत्रावरून बोलतोय हे बोर्डला आधी कळायला हवं. कमोडोरची पुसायची कळ २० हा आकडा पाठवते, दुसऱ्या यंत्राची साधारणपणे ८. एक कळ दाबली की पाहुण्याची जात कळली, मग त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायचं. आडनावावरून गाव ओळखण्याची आपली खोड आठवते, पण इथे हेतू पाहुणचाराचा आहे. या एका युक्तीत बोर्ड लिहिणाऱ्यांचं डोकं कसं चालायचं ते दिसतं. पैसा नाही, मेमरी नाही, मग असलेल्यातूनच काम काढा. टोरांटोजवळच्या मिसिसागात स्टीव्ह पंटर यांनी याच यंत्रांसाठी बोर्डचा प्रोग्राम आणि फाइल पाठवण्याची स्वतंत्र पद्धत लिहिली. कमोडोरवाल्यांत ‘पंटर’ हे पद्धतीचंच नाव होऊन बसलं.

लाइन एक, म्हणून पाहुणा एक. बाकीच्यांना एंगेज. बोर्डच्या सगळ्या चालीरीती या एका अडचणीतून निघाल्या आहेत. एका खुर्चीच्या सलूनात जसं असतं, तसंच : एकाचं चाललेलं असताना दुसऱ्याला थांबावं लागतं, रेंगाळणाऱ्याला मालक नजरेने उठवतो, आणि आधीच्याने अर्धवट सोडलेला विषय पुढचा उचलतो. म्हणून प्रत्येकाला रोजची वेळ ठरवून दिलेली, संपली की बोर्ड स्वतःच निरोप देतो. म्हणून नुसतं घेऊन जाणाऱ्याला चाप : अमुक फाइली न्यायच्या तर तमुक आणून द्या. म्हणून खेळही असे, की रोज मोजक्याच चाली. आज मी तुझ्या ग्रहावर हल्ला करून गेलो, ते तुला उद्या फोन लागल्यावर कळणार. प्रत्येक उत्तरामध्ये एका दिवसाची तरी उसंत असे. राग आलाच तर तो एंगेज टोन ऐकता ऐकता बराचसा निवायचा.

सिसॉपचं मात्र वेगळं. पाहुणा जे टाइप करतो ते त्याच्या पडद्यावर अक्षर-अक्षर उमटत असतं. माणूस शब्द लिहितो, थांबतो, खोडतो, दुसरा लिहितो, हे सगळं दिसतं. वाटलं तर कळ दाबून मध्येच गप्पा सुरू करता येतात, आणि पाहुण्यालाही मालकाला हाक मारता येते. मग रात्री दोन वाजता घरात यंत्र कोकलतं. खासगी पत्रंही त्याच डिस्कवर असतात आणि सिसॉपला ती उघडता येतात. काहींनी उघडली असणार. या पुस्तकात त्या आज्ञा मी दिल्या आहेत, कारण यंत्र दुरुस्त करणाऱ्याला त्या लागतात. पण बोर्डच्या पहिल्याच पडद्यावर ‘इथे सिसॉपला सगळं दिसतं’ असं स्वच्छ लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

बाकी कामं धुण्याभांड्यांसारखी, कधी न संपणारी. कमोडोरच्या मूळ पॉवर सप्लायपासून सुरुवात करा. आत रसायन ओतून बंद केलेली ती वीट तापते, आणि म्हातारी झाली की पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडते. ती स्वतः मरत नाही, संगणकाच्या मेमरी चिपा मारते. चोवीस तास चालणाऱ्या बोर्डला मूळ वीट जोडणं म्हणजे हौसेने यंत्र जाळणं. आधी ती बदला, मग पुढचं पान वाचा. यंत्राला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ गेली. आली की बोर्ड तारीख-वेळ विचारत बसतो, आणि तुम्ही घरात नसाल तर बाहेर लोक घंटा वाजवत राहतात. आणखी एक भानगड न सांगता फोन ठेवणाऱ्यांची. निरोप न घेता कुणी लाइन तोडली आणि ती तुटल्याचं प्रोग्रामला कळलं नाही, तर पुढचा माणूस थेट आधीच्याच्या नावाने आत येतो, त्याची पत्रं याच्यापुढे उघडी. वाहक-लहर, म्हणजे पलीकडचा मोडेम लाइनवर असल्याची खूण, गेली की बोर्डने ताबडतोब सगळं आवरलं पाहिजे. ही तपासणी कुठे आणि कशी बसवायची त्यावर एक आख्खं प्रकरण आहे, आणि ते वाचायला कंटाळवाणं आहे हे मला ठाऊक आहे. तरी टाळू नका.

बोर्ड एकेकटे होते, पण कायम एकाकी राहिले नाहीत. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत टॉम जेनिंग्ज यांनी दोन बोर्डांनी एकमेकांना रात्री, दर उतरल्यावर, फोन करून पत्रं पोचती करावीत अशी सोय केली. दुसरा बोर्ड बाल्टिमोरचा. त्यातून फिडोनेट वाढलं आणि नव्वदीत जगभरचे हजारो बोर्ड त्यात होते. सरकारचंही लक्ष गेलं. १ मार्च १९९० रोजी टेक्ससमधल्या ऑस्टिन इथे सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ छापणाऱ्या कंपनीवर छापा घालून तिचा बोर्डही उचलून नेला. खटला झाला, आणि १९९३ साली कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. बोर्डवरची लोकांची न वाचलेली खासगी पत्रं अशी ताब्यात घेता येत नाहीत, हे त्यात स्पष्ट झालं. घरातल्या एका डिस्कवरच्या चिठ्ठ्यांना कायद्याने पत्र मानलं, ही सिसॉपसाठी लहान गोष्ट नव्हती.

आपल्याकडे घरगुती संगणकांचा हा बहर आलाच नाही. १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पाखाली काही शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. पण घरी संगणक आणि टेलिफोन दोन्ही असणं, त्यातही टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं रांग असताना, ही चैनच होती. तरी पीसीवर बोर्ड निघाले. मुंबईत ‘लाइव्ह वायर’, आणि बेंगळुरूत ‘सिक्स’, जो बेळगावात शिकलेल्या अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये सुरू केला. १९९४ साली दूरसंचार खात्याने बोर्ड चालवायला लाखांचं वार्षिक परवाना शुल्क लावायचं काढलं. हौशी माणसांनी फुकट चालवलेल्या फलकावर लाखांची आकारणी! त्याविरुद्ध आरडाओरड झाली. तोवर १५ ऑगस्ट १९९५ उजाडला, विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं, आणि वादातली हवाच निघून गेली.

तिकडेही इंटरनेटनेच बोर्ड ओस पाडले. यात एक गंमत आहे. ज्या अमेरिका ऑनलाइनने लाखो घरांना मोडेमवरून इंटरनेटवर नेलं, ती १९८५ साली ‘क्यू-लिंक’ या केवळ कमोडोरवाल्यांसाठी काढलेल्या सेवेतून वाढली. त्या कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. हौशी बोर्ड तिच्यामागेही चालू आहेत.

आता चालू असलेल्यांपैकी बहुतेक फोनवर नाहीत, हे कबूल करायला हवं. दोन-चार हजार रुपयांत मिळणाऱ्या छोट्या वाय-फाय पाटीला हेजच्या आज्ञा शिकवल्या की ती मोडेमचं सोंग घेते. कमोडोर नंबर फिरवतो, पाटी इंटरनेटवरून पलीकडच्या बोर्डशी जोडून देते, आणि बिचाऱ्या यंत्राला फरक कळत नाही. कर्मठ मंडळी याला बोर्ड मानत नाहीत. मी मानतो, पुण्यातल्या माणसाला ओहायोतला बोर्ड परवडतो तो त्यामुळेच. पण सोय झाली की पंचक्रोशी सुटते, आणि मी वर ज्या चालीरीती सांगितल्या त्यांतल्या निम्म्या पंचक्रोशीतून आल्या होत्या. म्हणून जमत असेल तर एक खरी टेलिफोन लाइनही ठेवा, असं मी सुचवतो.

ती ठेवणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार. तांब्याच्या तारा काढून घेतल्या जाताहेत; ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. तांब्याच्या तारेऐवजी मिळणारी लाइन आवाजाचे तुकडे करून इंटरनेटवरून पाठवते. माणसाचं बोलणं त्यात नीट जातं, कारण एखादा तुकडा हरवला तर कान तो भरून काढतो. मोडेमचा कान तेवढा समंजस नाही. आवाज दाबून पाठवणारी पद्धत असेल तर शिट्ट्यांचा पार चुथडा होतो. न दाबणारी, जी-७११ नावाची पद्धत मागून घ्या, प्रतिध्वनी काढणारी सोय बंद करायला लावा, आणि वेगाचा हट्ट सोडा. ३०० आणि १२०० चे जुने मोडेम अशा लाइनीवर तग धरतात, २४०० बरेचदा, त्यावरचे रडतात. सगळ्यात जुनं तेच सगळ्यात चिवट निघालं, याचा मला दरवेळी आनंद होतो.

पुस्तकातली प्रकरणं यंत्र, लाइन, प्रोग्राम, माणसं या क्रमाने आहेत. हवी तशी वाचावीत. एकाच्या बाबतीत मात्र आग्रह आहे. शेवटचं प्रकरण बोर्ड बंद कसा करावा यावर आहे, ते सुरुवातीलाच वाचा. नव्वदीत हजारो बोर्ड गेले ते बहुतेक एका रात्रीत : मालकाचं लग्न झालं, बदली झाली, ड्राइव्ह मोडला. वर्षानुवर्षांचा मजकूर असलेल्या डिस्का पुसून दुसऱ्या कामाला लागल्या. जेसन स्कॉट यांच्यासारख्यांनी उरलंसुरलं गोळा केलं, २००५ साली बोर्डांवर माहितीपटही केला. पण कुणीच न ठेवलेलं कुठून मिळणार? तेव्हा लाइन जोडण्याआधी तीन गोष्टी ठरवा आणि पहिल्या पडद्यावर लिहा. बंद करायच्या किती दिवस आधी सांगणार. सार्वजनिक मजकूर कुणाकडे देणार. आणि खासगी पत्रांचं काय करणार. पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमची तुम्ही शोधा. तिसऱ्याचं मी सांगतो : ज्याचं पत्र त्याला उतरवून घ्यायला महिनाभर द्या, त्यानंतर ती डिस्क फॉरमॅट करा, आणि कुणी इतिहासाच्या नावाने मागितली तरी देऊ नका.